पोळी बाधते, पण पोळीतलं नेमकं काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे दोघींचं एकाच गोष्टीवर बोलणं चाललंय हे कळेल. वय ३४. जेवणात दोन-तीन पोळ्या झाल्या की तासा-दोन तासांत पोट टम्म फुगतं, गॅस होतो, कधी कधी पातळ होतं. चार महिन्यांपूर्वी पोळी बंद करून तुम्ही ज्वारीची भाकरी आणि भातावर आलात आणि बरंच बरं वाटायला लागलं. सकाळी चहाबरोबर ब्रेडच्या दोन भाजलेल्या स्लाइस रोज असतात, त्यांनी काही होत नाही. ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेली महागडी बिस्किटं आणली, तर त्यांनी पोट बिघडलं. बहीण म्हणते हा ग्लुटेनचा त्रास, जिममधले सर म्हणतात फक्त गहू सोडा, जव चालतील. लॅबमधून ‘फूड इनटॉलरन्स’चं पॅकेज केलंत, त्यात गहू, दूध, अंडं, शेंगदाणा सगळंच लाल आलं. आणि मग एका ओळीत, जाता जाता लिहिल्यासारखं: हिमोग्लोबिन ९.८, वर्षभर लोहाच्या गोळ्या घेऊनही चढत नाही, थायरॉईडची गोळी चालू आहे.

मी आहारतज्ज्ञ आहे, पोटविकारतज्ज्ञांबरोबर बरीच वर्षं काम करते. अशा पत्रात मी सगळ्यात आधी ती शेवटची ओळ वाचते. तुम्ही विचारलंय गहू की ग्लुटेन. ते शोधता येतं, कसं तेही सांगते. पण त्याआधी सीलिअॅक, म्हणजे ग्लुटेनमुळे लहान आतडं झिजण्याचा आजार, आहे की नाही, या प्रश्नाचा निकाल लागायला हवा, कारण त्याचं उत्तर ‘हो’ आलं तर बाकीची सगळी चर्चा बाजूला पडते.

पोळीत काय काय असतं ते थोडं उलगडते. गव्हाच्या पिठात बहुतांश स्टार्च, म्हणजे पिष्ट. दहा-बारा टक्के प्रथिनं. त्यातली सुमारे ऐंशी टक्के म्हणजे ग्लुटेन. कणकेला ताण देणारा, नळाखाली कणीक धूत राहिलं की शेवटी हातात उरणारा तो रबरी गोळा. उरलेल्या वीस टक्क्यांत इतर बरीच लहान-मोठी प्रथिनं. आणि साधारण एक ते दोन टक्के फ्रुक्टान नावाची साखळी-साखर, जी माणसाच्या लहान आतड्यात पचतच नाही. कुणाचीच नाही. ती मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि वायू तयार होतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही, आतडं संवेदनशील असलेल्यांना तोच वायू असह्य होतो. तेव्हा ‘मला गहू बाधतो’ या एका वाक्यात निदान तीन-चार वेगवेगळे आजार लपलेले असू शकतात, आणि त्या प्रत्येकात पथ्य वेगळं.

आता सीलिअॅक. यात ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला जे मखमलीसारखे अंकुर असतात ते झिजून सपाट होतात. लोह शोषलं जातं ते नेमकं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि मार बसतो तोही तिथेच. म्हणून गोळ्या घेऊनही न चढणारं हिमोग्लोबिन ही सीलिअॅकची फार जुनी खूण आहे, कित्येकदा एकमेव खूण. जुलाब, वजन उतरणं, मुलांची उंची न वाढणं हे पुस्तकातलं चित्र. प्रौढांत नुसता अॅनिमिया, ठिसूळ हाडं किंवा सतत थकवा एवढंच दिसतं. थायरॉईडचा आजार ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या प्रकारचा असेल, किंवा टाइप १ मधुमेह असेल, तर सीलिअॅकची शक्यता आणखी वाढते. उत्तर भारतातल्या लोकसंख्येच्या पाहणीत शंभरात साधारण एकाला हा आजार सापडला आहे, दक्षिणेत त्याहून खूपच कमी. तेव्हा ‘हा गोऱ्या लोकांचा आजार’ हे जे काही डॉक्टरांच्याही तोंडून ऐकू येतं, ते मनावर घेऊ नका. बायकांचं हिमोग्लोबिन कमी म्हणजे पाळीमुळेच, असं गृहीत धरून वर्षानुवर्षं गोळ्या बदलत राहणं तर आपल्याकडे सर्रास चालतं. तुमची पाळी जास्त जात असेल तर तेही कारण असू शकतं, नाही असं नाही. पण तपासल्याशिवाय तसं म्हणता येत नाही.

तपासणी साधी आहे. रक्तातली टीटीजी-आयजीए, म्हणजे सीलिअॅकमध्ये वाढणाऱ्या प्रतिपिंडांची (अँटीबॉडीजची) तपासणी, आणि सोबत एकूण आयजीए. ही दुसरी बऱ्याच जणांकडून राहून जाते. काही लोकांत आयजीए हे प्रतिपिंड जन्मतःच कमी असतं, आणि सीलिअॅक असलेल्यांत अशांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त. अशा माणसाची टीटीजी नॉर्मल येते आणि आजार आत तसाच चालू राहतो. टीटीजी वाढलेली आली तर पोटविकारतज्ज्ञ दुर्बिणीतून लहान आतड्याचे चार-सहा तुकडे घेतात. तेही एकाच जागचे घेऊन चालत नाही, कारण झीज ठिकठिकाणी, ठिगळाठिगळांनी असू शकते.

यातली मेख अशी, की या दोन्ही तपासण्या ग्लुटेन पोटात जात असतानाच खरं उत्तर देतात. सोडून काही महिने झाले की प्रतिपिंडं उतरतात, आतडं भरून यायला लागतं आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. पोळी सोडून वर्ष झाल्यावर तपासणीला येणारे लोक मला नेहमी भेटतात, आणि त्यांना पुन्हा गहू खायला सांगणं हे माझ्या कामातलं सगळ्यात नकोसं काम.

तुमच्या बाबतीत मात्र एक गंमत आहे. तुम्ही गहू सोडलेलाच नाही. ब्रेड मैद्याचा, आणि मैदा गव्हाचाच. आपल्याकडे ‘गहू’ म्हणजे पोळी, आणि रवा, मैदा, शेवया, दलिया हे जणू दुसऱ्या कुठल्या धान्याचे, असा समज घरोघर असतो. दोन स्लाइसमध्ये साधारण चार ग्रॅम ग्लुटेन जातं. म्हणजे चार महिने तुम्ही नकळत रोज तेवढं खात आहात आणि तपासणीला ते बहुतेक पुरेसं आहे. ब्रेड खरोखर रोजचा असेल तर उद्या-परवा जाऊन टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए देऊन या. ब्रेड अधूनमधूनच होत असेल तर सहा ते आठ आठवडे रोज दोन पोळ्यांएवढा गहू खाऊन मग द्या. मध्यम पोळीत साधारण दोन ते तीन ग्रॅम ग्लुटेन धरा. तेवढं झेपणारच नसेल तर दुसरी वाट आहे. एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकं पाहायची तपासणी. ही महाग आहे, पण गहू खाण्याची अट नाही. दोन्ही नसतील तर सीलिअॅक जवळपास बाद. असतील तर मात्र त्यावरून फारसं काही ठरत नाही, कारण आपल्यातल्या साधारण तिसऱ्या माणसात ती असतात आणि बहुतेकांना आजार कधीच होत नाही.

हे गव्हाचं प्रकरण उजेडात कसं आलं तेही सांगते, कारण त्यातून एक मुद्दा निघतो. विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९४४-४५ मध्ये, हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. सगळीकडे मुलं खंगत होती, पण त्यांच्या सीलिअॅकच्या मुलांची तब्येत सुधारली. आणि पाव परत मिळू लागल्यावर पुन्हा बिघडली. डिकेंना गव्हाचा संशय आधीपासूनच होता, पुढे १९५० च्या प्रबंधात त्यांनी तो पद्धतशीर मांडला. मुद्दा असा की ‘सोडल्यावर बरं वाटलं’ हा नुसता अर्धा पुरावा. ‘परत दिल्यावर बिघडलं’ हा दुसरा अर्धा. आणि त्यातही सोबत आणखी काय काय बदललं होतं ते पाहावं लागतं. हे पुढे कामाला येईल.

गव्हाची अॅलर्जी हा दुसरा आजार, आणि तुमच्या वर्णनात तो मला दिसत नाही, म्हणून थोडक्यात. यात गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, घरघर लागते, चक्कर येते. कुणाला पोळी खाऊन लगेच धावायला किंवा खेळायला गेल्यावरच हे होतं, एरवी नाही. हा प्रकार निदान व्हायला वर्षं घेतो. यापैकी काहीही कधी झालं असेल तर घरी प्रयोग करायचा नाही, थेट अॅलर्जीतज्ज्ञाकडे जायचं. तुमच्या बहिणीच्या आणि सरांच्या वादात ‘फक्त गहू वर्ज्य, जव चालतील’ हे म्हणणं खरं ठरू शकतं ते फक्त या आजारात. तिथेही काहींना जव बाधतात, तेव्हा विचारूनच.

लॅबच्या त्या पॅकेजबद्दल: बाजूला ठेवा. त्यात आयजीजी प्रतिपिंडं मोजतात. तुम्ही जे नेहमी खाता त्याची आयजीजी शरीरात असतेच. ती त्या पदार्थाशी ओळख असल्याची खूण आहे, त्रासाची नव्हे. युरोप-अमेरिकेतल्या अॅलर्जीतज्ज्ञांच्या संस्थांनी या तपासण्यांवरून पथ्य ठरवू नका असं स्पष्ट सांगितलंय. तो रिपोर्ट पाहून दूध, अंडं, शेंगदाणा बंद केला असेल तर सुरू करा. ९.८ हिमोग्लोबिनवर अंडं बंद करणं तुम्हाला परवडणारं नाही.

आता समजा सीलिअॅकच्या तपासण्या नीट होऊन निगेटिव्ह आल्या. मग तुमच्या मूळ प्रश्नाला हात घालता येतो. तुमच्याच पत्रातल्या दोन गोष्टी मला उत्तराकडे नेतात.

पहिली म्हणजे पोळी बाधते, ब्रेड बाधत नाही. दोष ग्लुटेनचा असता तर ब्रेडनेही त्रास व्हायला हवा होता; मैद्यात ग्लुटेन कणकेपेक्षा कमी नसतं. मग फरक कशात? एक तर मापात. दोन स्लाइस म्हणजे एक-दीड पोळीचं पीठ, आणि तुम्ही दोन्ही जेवणांत मिळून पाच-सहा पोळ्या खात होतात. दुसरं, कोंड्यासकट कणकेत फ्रुक्टान मैद्यापेक्षा जास्त. तिसरं, यीस्टने पीठ फुगताना त्यातलं काही फ्रुक्टान खाऊन टाकलेलं असतं. जितका वेळ पीठ आंबतं तितकं जास्त. पोळीची कणीक आपण अर्धा तास भिजवतो, तिथे हे काही घडत नाही.

दुसरी गोष्ट बिस्किटांची. त्या पुड्यावरची घटकांची यादी वाचा. ‘इन्युलिन’ किंवा ‘चिकोरी फायबर’ असं दिसलं तर तो फ्रुक्टानच, वरून घातलेला. नसेल तर सोया, बेसन, सॉर्बिटॉल, माल्टिटॉल यापैकी काहीतरी सापडेल. ग्लुटेन नसतानाही पोट बिघडलं, म्हणजे आरोपी दुसरा असण्याची शक्यता वाढली.

हे माझं एकटीचं मत नाही. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या गटाने २०१३ मध्ये, ग्लुटेन बाधतं असं सांगणाऱ्या, सीलिअॅक नसलेल्या ३७ जणांना आधी फ्रुक्टानसारख्या आंबणाऱ्या साखरा काढलेल्या जेवणावर ठेवलं. सगळ्यांना बरं वाटलं. मग न सांगता ग्लुटेन दिलं, तर बहुतेकांना ग्लुटेनमुळे असा वेगळा त्रास झालाच नाही. २०१८ मध्ये ऑस्लोत ५९ जणांना तीन प्रकारच्या मुसली बार दिल्या, एकीत ग्लुटेन, एकीत फ्रुक्टान, एकीत दोन्ही नाही, प्रत्येक प्रकार सात दिवस. कोणती कशाची हे कुणाला माहीत नव्हतं. फ्रुक्टानच्या आठवड्यात त्रास ग्लुटेनच्या आठवड्यापेक्षा जास्त. मात्र सगळ्यात जास्त त्रास काहीच नसलेल्या बारने झाला असे २२ जण निघाले. त्यांना कुणी खोटारडं म्हणू नये. आपल्याला बाधणार अशी धास्ती घेऊन खाल्लं की आतडं खरोखर आवळतं, खरोखर दुखतं. म्हणून तर घरी प्रयोग करताना आपल्यालाच न कळू देता करावा लागतो.

सीलिअॅकही नाही, अॅलर्जीही नाही, तरी ग्लुटेनच किंवा गव्हातली दुसरी काही प्रथिनं बाधतात असे लोक आहेत. या त्रासासाठी आजवर कुठलीही रक्ततपासणी नाही. आधी बाकीचं सगळं नाही म्हणून सिद्ध करायचं, मग सोडून-परत देऊन पाहायचं, एवढाच मार्ग.

आपल्या घरात असे प्रयोग आपोआप होत असतात, फक्त कुणी नोंद करत नाही. संकष्टीला आणि एकादशीला पोट हलकं राहतं म्हणून ‘गव्हामुळेच होतं’ असं पुष्कळ जण सांगतात. पण उपासाला पोळीबरोबर कांदा, लसूण, तुरीची डाळ, कडधान्य हे सगळंच बंद असतं. कांदा-लसूण हे फ्रुक्टानचं भांडार, आणि डाळी-कडधान्यांत त्याचीच भावंडं. त्यामुळे उपासाचा दिवस कोण दोषी हे सांगू शकत नाही. त्यापेक्षा कामाचा पुरावा चातुर्मासाचा. तुमच्या घरी कांदेनवमीनंतर कांदा-लसूण बंद होत असेल, आणि त्या महिन्यांत पोळ्या नेहमीसारख्या खाऊनही पोट बरं राहत असेल, तर मला जवळपास उत्तर मिळालं: एकूण फ्रुक्टानचा बोजा जास्त होतोय, पोळी हा त्यातला एक वाटा. आठवून पाहा.

आठवत नसेल तर प्रयोग असा. सीलिअॅक आणि अॅलर्जी बाद झाल्यावरच, हे पुन्हा सांगते. तीन आठवडे गहू, जव, कांदा, लसूण, राजमा-छोले, ती बिस्किटं हे सगळं बंद. भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, मुगाचं पातळ वरण, भाज्या, अंडी, मासे, दही चालू. लसणाची चव हवी असेल तर अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाका आणि त्या तेलाची फोडणी द्या. फ्रुक्टान पाण्यात विरघळतो, तेलात नाही. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो. या तीन आठवड्यांत पोट शांत झालंच नाही, तर गहूही नाही आणि फ्रुक्टानही नाही; मग दूध, बद्धकोष्ठ, ताण, आणखी काही, हे डॉक्टरांबरोबर शोधावं लागेल.

शांत झालं तर नाचणीचे लाडू करायचे. दोन घाण, प्रत्येकी चौदा लाडू. एका घाणात नाचणीच्या पिठाबरोबर ७० ग्रॅम ग्लुटेन पावडर मंद आचेवर भाजून घालायची. बेकिंगच्या सामानात ‘व्हायटल व्हीट ग्लुटेन’ नावाने ती मिळते आणि तिच्यात फ्रुक्टान जवळपास नसतो. लाडूच का, तर ग्लुटेनला पाणी लागलं की ते चिवट होतं आणि भाकरीत किंवा धिरड्यात लगेच ओळखू येतं. तुपात, कोरडं राहिलं की त्याचा ताण सुटत नाही, आणि गूळ-वेलचीपुढे चवही कळत नाही. दुसऱ्या घाणात नुसती नाचणी. डब्यांवर ‘क’ आणि ‘ख’ लिहायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचं, कशात काय ते त्याने वहीत लिहून लपवून ठेवायचं. एक आठवडा रोज ‘क’चे दोन लाडू, एक आठवडा सुटी, मग एक आठवडा ‘ख’चे दोन. रोज रात्री पोट फुगणं आणि दुखणं यांना शून्य ते दहा गुण. रोजचं ग्लुटेन साधारण आठ ग्रॅम होतं. या त्रासाच्या निदानासाठी तज्ज्ञांनी २०१५ मध्ये जे निकष ठरवले त्यातही एवढंच माप आहे, आणि दोन आठवड्यांत निदान तीस टक्क्यांचा फरक दिसला तरच तो मोजायचा. दोन-चार गुण इकडेतिकडे होणारच.

त्यानंतर फ्रुक्टानची पाळी. गहू अजून बंदच ठेवून वरणात पाव कांदा शिजवून घ्या, दोन दिवसांनी अर्धा, मग लसूण. लाडू मुकाट पचले आणि कांद्याने पोट फुगलं, तर तुम्हाला ग्लुटेनचा त्रास नाही. पोळी मग मापात परत येऊ शकते: एक, चार दिवसांनी दोन, आणि जिथे पोट कुरकुरेल तिथे थांबायचं. बऱ्याच जणांना जेवणाला एक-दीड पोळी, सोबत कांदा कमी असलेली भाजी, असं छान चालतं. मटकीच्या उसळीबरोबर चार पोळ्या चालत नाहीत, एवढंच.

जवाबद्दल तुम्ही विचारलं होतं. जवात ग्लुटेनही असतं आणि फ्रुक्टानही. त्यामुळे सीलिअॅक असेल तर जव वर्ज्य, आणि फ्रुक्टान बाधत असेल तरी जव हा पोळीला पर्याय होत नाही. खपलीचंही तेच. खपली गहू ग्लुटेनमुक्त आहे असं सांगून तिप्पट भावाने विकतात, ते खोटं आहे. तिच्यातलं ग्लुटेन वेगळ्या घडणीचं आहे, चपाती तितकी लवचिक होत नाही, काहींना ती हलकी वाटते. ज्यांना सीलिअॅक नाही त्यांनी खुशाल खावी. सीलिअॅक असलेल्याने एक घासही नाही.

आणि सीलिअॅक निघालाच, तर ‘एक घासही नाही’ हे अक्षरशः घ्यावं लागतं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं तरी आतड्याला इजा दिसते. म्हणजे एका पोळीचा साधारण पन्नासावा हिस्सा. पोट दुखलं नाही तरी आत झीज चालू राहते, म्हणून ‘मला थोडं पचतं’ हा हिशेब तिथे लागू नाही. पोळी सोडणं त्यात सोपं. अडचण येते ती बाकीच्या ठिकाणी. डबीतल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा असतो. मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू पडतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव. माल्टची पेयं, सोया सॉस, बिअर. गिरणीत तुमची ज्वारी आधीच्या गिऱ्हाइकाच्या गव्हावरच दळली जाते, आणि पहिल्या पायलीत तो उतरतो. म्हणून अशा घरात लहान घरघंटी वेगळी ठेवायला सांगते, पोळपाट-लाटणं वेगळं. पाकिटावरचं ‘ग्लुटेन-फ्री’ हे किलोला २० मिलिग्रॅमच्या आत, असा आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, त्यावर भिस्त ठेवता येते. कुरडईबद्दल हमखास विचारणा होते. तीन दिवस रोज पाणी बदलत गहू भिजवला की फ्रुक्टानचा मोठा भाग पाण्याबरोबर जातो, चीक गाळल्यावर बरंचसं ग्लुटेन चोथ्यात राहतं. त्यामुळे फ्रुक्टान बाधणाऱ्यांना कुरडई सहसा चालते. पण थोडं ग्लुटेन चिकात उतरतंच, म्हणून सीलिअॅकवाल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

तेव्हा तुमच्यापुरता क्रम असा: ब्रेड चालू ठेवून या आठवड्यात टीटीजी-आयजीए, एकूण आयजीए, सोबत फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉईडची प्रतिपिंडं. टीटीजी वाढलेली आली तर काहीही न सोडता पोटविकारतज्ज्ञांकडे, दुर्बिणीची तपासणी होईपर्यंत गहू चालूच. नॉर्मल आली तरी हिमोग्लोबिनचं कारण शोधायचं बाकी राहतं, ते विसरू नका. अशा वेळी काही तज्ज्ञ तरीही आतड्याचे तुकडे तपासतात आणि मला ते योग्य वाटतं. लाडू त्यानंतर. वजन आपोआप उतरत असेल, रात्री झोपेतून उठून जुलाब होत असतील, शौचातून रक्त किंवा बारीक ताप असेल, तर यातलं काहीच घरी करत बसू नका. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही काही वेळा असाच सुरू होतो.

एक राहिलं. पत्राच्या तळटीपेत तुम्ही लिहिलंय की ‘उगाच जोखीम नको’ म्हणून सहा वर्षांच्या मुलीचीही पोळी बंद करणार आहात. करू नका. तुमचं निदान सीलिअॅक आलं तर तिचीही टीटीजी करावी लागेल, कारण आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यात हा आजार इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. आणि ती तपासणी खरी यायची तर तोवर तिच्या डब्यात पोळी असायला हवी.